संगणकाशी गट्टी : आईचं नाव कुठं लिहायचं?



गेल्या आठवड्यात आपण एक्सएमएलची तोंडओळख करून घेतली. ज्यांचा तो अंक हुकला असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात उजळणी करू या, म्हणजे पुढे अडायला नको.

आपल्या स्वयंपाकघरातली डब्यांची फळी डोळ्यांसमोर आणा. सगळे डबे सारखेच! आत तूरडाळ आहे की साखर, हे झाकण उघडल्याशिवाय कळायचे नाही. म्हणून आई काय करते? प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवते. एक्सएमएल म्हणजे माहितीच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवण्याची पद्धत. माहितीच्या अलीकडे एक चिठ्ठी आणि पलीकडे एक. म्हणजे असे :

<गाव>वाई</गाव>

बघा, चिठ्ठीवरचा शब्द मराठीत लिहिला तरी चालतो! वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेने ही पद्धत १० फेब्रुवारी १९९८ रोजी मान्य केली.

पण नुसत्या चिठ्ठ्या डकवून भागत नाही. ‘गाव’ असे लिहिलेल्या डब्यात कुणी फोन नंबर भरला तर? किंवा गावाचा डबाच ठेवायला विसरला तर? म्हणून एक तपासनीस लागतो. कोणते डबे हवेत, कोणत्या क्रमाने हवेत, कशात काय भरायचे, हे सगळे एका कागदावर लिहून ठेवायचे आणि संगणकाने त्या कागदाबरहुकूम यादी तपासायची. या कागदाला म्हणतात स्कीमा. आपण त्याला ‘नमुना’ म्हणू. स्कीमाचे नियम त्याच संस्थेने २ मे २००१ रोजी जाहीर केले आणि त्यांची सुधारलेली आवृत्ती ५ एप्रिल २०१२ रोजी आली.

झाली उजळणी! आता मी तुम्हांला माझीच एक फजिती सांगते. हो हो, बाईंचीसुद्धा फजिती होते बरं का!

फिरती पेटी

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या केंद्रातल्या सहा शाळांनी मिळून फिरते बालवाचनालय काढायचे ठरवले. गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेली एक मोठी पेटी. पंधरा दिवस या शाळेत, पंधरा दिवस त्या शाळेत. प्रत्येक शाळेने आपल्या वाचकांची यादी एक्सएमएलमध्ये लिहून पाठवायची आणि केंद्रशाळेतल्या संगणकाने त्या यादीवरून वाचकांची कार्डे छापायची. यादीचा नमुना कुणी तयार करायचा? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. “बाई, तुम्ही साप्ताहिकात संगणकावर लिहिता ना, मग तुम्हीच करा!”

मी आपली खुशीत कामाला लागले. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. अडले की त्याला फोन करायचा. दोन दिवसांत नमुना तयार! ‘वाचक’ असा एक प्रकार केला आणि त्यात ओळीने डबे मांडले : नाव, वडिलांचे नाव, आडनाव, इयत्ता, पिनकोड आणि फोन. यांतला फोन फक्त ऐच्छिक. म्हणजे असला तर असला, नसला तर नसला. बाकीचे सगळे भरायलाच हवेत. इतकेच नाही, तर नावांच्या डब्यांत निदान एक तरी अक्षर हवेच, अशी ताकीदही मी लिहून ठेवली. कुणी आळशीपणा करून कोरे ठेवायला नको!

यादी भरण्याचे काम चौथीच्या मुलांनी हौसेने अंगावर घेतले. एकेक जण खुर्चीवर बसायचा, आपली माहिती टाइप करायचा आणि ‘तपासा’ म्हणायचा. बरोबर असले की हिरवी खूण. टाळ्या!

मग एक मुलगी बसली. तिने नाव लिहिले, आडनाव लिहिले, इयत्ता लिहिली. ‘तपासा’ म्हटल्यावर पडद्यावर लाल ओळ आली. तिने वडिलांच्या नावाचा डबा कोरा ठेवला होता.

“अगं, राहिलं वाटतं तुझं,” मी म्हटले.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “बाई, मी आईचं नाव लावते. इथं आईचं नाव कुठं लिहायचं?” आणि मग, “नाही लिहिलं, तर मला पुस्तकं मिळणार नाहीत का?”

मला तर ठाऊक होते! ती आणि तिची आई आजोळी राहतात. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे आईचेच नाव आहे. रोज सकाळी मी ते वाचते. आणि तरीही नमुना लिहिताना माझ्या ते ध्यानात आले नाही. हा नियम कुठून वरून आला नव्हता. संगणकाचाही नव्हता. तो माझा होता.

“पुस्तकं मिळणार. कशी ते मी बघते,” असे मी तिला सांगितले. आता हे कसे जमवायचे? त्यासाठी ‘प्रकार’ म्हणजे काय, आणि एका प्रकारावरून दुसरा कसा बेतायचा, हे आधी समजून घ्यावे लागेल. चला तर!

चाळणीवर चाळणी

डब्यात काय भरायचे, याच्या जातीला स्कीमामध्ये ‘प्रकार’ म्हणतात. स्कीमात १९ मूळ प्रकार आयतेच मिळतात. मजकूर, दशांश संख्या, तारीख, हो-नाही वगैरे. त्यांच्यावरून बेतलेले आणखी कितीतरी. यातले एक घराणेच पाहू.

पणजोबा म्हणजे दशांश संख्या. त्यांच्याकडे साडेतीनही चालते आणि उणे सव्वादोनही. त्यांचा मुलगा पूर्णांक. त्याने नियम केला, दशांश चिन्हापुढे काही नको. साडेतीन बाहेर! पूर्णांकाचा मुलगा म्हणाला, मला उणे संख्याही नकोत. शून्यापासून पुढे! आणि त्याचाही मुलगा म्हणाला, शून्यही नको. एकपासून पुढे!

म्हणजे काय झाले? धान्य चाळताना एकीखाली एक बारीक होत जाणाऱ्या चाळण्या ठेवाव्यात, तसे झाले. दर पिढीला छिद्र बारीक. याला म्हणतात रिस्ट्रिक्शन, म्हणजे मर्यादा घालणे.

मर्यादा घालायला स्कीमात ठरलेली साधने आहेत. त्यांना ‘पैलू’ म्हणतात. २००१ च्या नियमांत १२ पैलू होते, २०१२ मध्ये दोन वाढले. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, अक्षरे किती, दशांशस्थळे किती, आणि ‘या यादीतलाच एक शब्द निवडा’ असे हे पैलू. प्रत्येक पैलू प्रत्येक प्रकाराला लागू पडत नाही. तारखेला दशांशस्थळे कशी असतील, सांगा बरं?

माझ्या नमुन्यातला पिनकोड घ्या. पिनकोडची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवीही होते. पिनकोडचे अंक सहा. पहिला अंक विभागाचा, आणि तो शून्य कधीच नसतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४० ते ४४ या आकड्यांनी सुरू होतात. मग चाळण्या कशा लागतील?

सगळ्यांत वर : कोणताही मजकूर.
त्याखाली : सहा अंक, पहिला १ ते ९ पैकी.
त्याखाली : सहा अंक, पहिला ४ आणि दुसरा ० ते ४ पैकी.

जो पिनकोड सर्वांत खालच्या चाळणीतून गेला, तो वरच्या दोन्ही चाळण्यांतून आधीच गेलेला आहे. हाच या सगळ्या खेळाचा मुख्य नियम. वहीत चौकट करून लिहून ठेवा :

बेतलेल्या प्रकाराला जे चालते, ते मूळ प्रकारालाही चाललेच पाहिजे.

चाळणी बारीक करता येते. मोठी करता येत नाही!

मराठी आकड्यांची गंमत

पिनकोडवरून आठवले. आमच्या एका पठ्ठ्याने सगळे आकडे मराठीत टाइप केले. आपल्या या पानावर छापतात ना, तसेच देवनागरी! गंमत अशी की, त्याचा पिनकोड संगणकाने मुकाट्याने घेतला आणि इयत्ता मात्र नाकारली. वर्गात एकच हशा!

असे का झाले? पिनकोडच्या चाळणीत मी ‘कोणताही अंक’ अशी खूण वापरली होती. स्कीमाच्या भाषेत त्या खुणेचा अर्थ जगातल्या कोणत्याही लिपीतला अंक असा होतो. देवनागरी, अरबी, बंगाली, सगळे आले. पण इयत्तेचा प्रकार पूर्णांकावरून बेतलेला होता, आणि स्कीमातला पूर्णांक फक्त इंग्रजी वळणाचे आकडे वाचतो. पठ्ठ्याचे आकडे काही चूक नव्हते. माझ्याच दोन चाळण्या दोन मापांच्या होत्या. मग मी पिनकोडच्या चाळणीत इंग्रजी वळणाचे शून्य ते नऊ असे नेमके लिहिले आणि तसे मुलांना आधीच सांगितले. नियम घट्ट केला की तो आधी सांगावा, नाही का?

गाडीला शेवटी डबा

आता दुसरी युक्ती. एका शाळेला आपल्या यादीत वाचकाचा आवडता विषयही हवा होता. भुतांच्या गोष्टी, विज्ञान, सहलींची वर्णने, असा. मूळ नमुन्यात तो डबाच नव्हता. मग काय, सगळा नमुना पहिल्यापासून लिहायचा? छे! ‘वाचक’ हा मूळ प्रकार घ्यायचा आणि त्याला एक डबा जोडायचा. याला म्हणतात एक्स्टेन्शन, म्हणजे वाढ करणे. फक्त नवीन डबा तेवढा लिहायचा. बाकीचे सगळे मूळ प्रकाराकडून आपोआप येते.

पण इथे एक मेख आहे. आगगाडीला नवा डबा जोडताना शेवटी जोडतात, तसा नवा डबा सर्वांत शेवटीच लागतो. मधे घुसवता येत नाही. फोनच्या पुढे ‘आवडता विषय’ जोडता येईल, पण नाव आणि आडनावाच्या मधे नाही.

आणि अशी वाढवलेली नोंद पाठवताना तिच्यावर एक पाटी लावावी लागते. ‘मी साधा वाचक नाही, मी वाढीव वाचक आहे.’ पाटी दिसली की संगणक वाढीव नमुन्याने तपासतो. पाटी नसेल, तर ‘हा शेवटचा डबा कुठून आला?’ म्हणून लाल ओळ!

काय गाळता येते?

चाळणीची युक्ती डब्यांच्या अख्ख्या रांगेवरही चालते. आमच्या शाळेने ठरवले, की मुलांच्या घरचे फोन नंबर यादीत नकोत. उगाच इकडेतिकडे फिरायला नकोत! मूळ नमुन्यात फोन ऐच्छिक होता. तेव्हा आम्ही ‘वाचक’वर मर्यादा घातली आणि फोनचा डबा गाळला. एकच कष्ट पडले. वाढ करताना फक्त नवे लिहायचे असते, पण रांगेवर मर्यादा घालताना जे डबे ठेवायचे ते सगळे पुन्हा उतरवून काढावे लागतात. शुद्धलेखनासारखे!

आमच्या याद्या केंद्रशाळेच्या संगणकाला बिनतक्रार चालल्या. का? कारण मूळ नमुन्यात फोन नसला तरी चालेल असे म्हटलेच होते. बेतलेल्याला चालते ते मूळालाही चालते. चौकटीतला नियम आठवतो ना?

हे कळल्यावर मला वाटले, अरे, हे तर सोपे आहे! असेच वडिलांचे नावही गाळू या.

केले तसे. संगणकाने या वेळी यादी नाही, माझा नमुनाच नापास केला. मी भाच्याला फोन लावला.

“अगं मावशी,” तो हसत म्हणाला, “तूच मूळ नमुन्यात लिहिलंस ना, वडिलांचं नाव हवंच म्हणून? कार्ड छापणारा प्रोग्रॅम त्या भरवशावर लिहिलाय. तो डबा उघडायला जाईल आणि डबाच नसेल, तर काय छापेल? मूळात जे सक्तीचं आहे, ते बेतलेल्यात गाळता येत नाही.”

बरं, मग वाढ करू या. आईच्या नावाचा डबा जोडू या. तेही केले. पण तो बसला कुठे? सर्वांत शेवटी, फोनच्याही मागे. आणि वडिलांच्या नावाचा डबा होता तिथेच, सक्तीचा. म्हणजे त्या मुलीची अडचण जशीच्या तशी! मर्यादा घालून सक्ती काढता येत नाही आणि वाढ करूनही काढता येत नाही.

त्यातच एका शाळेतून दुसरी तक्रार आली. त्यांचे वर्ग सातवीपर्यंत. आणि मी इयत्तेची मर्यादा काय घातली होती? १ ते ४! आमची शाळा चौथीपर्यंत, म्हणून मी आपले स्वतःपुरते पाहिले. त्यांनी आपल्या नमुन्यात ‘१ ते ७’ असे बेतायला घेतले, तर संगणक म्हणाला, जमणार नाही. चाळणी मोठी करता येत नाही! पाचवी ते सातवीची सगळी मुले बाहेर.

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. पुढच्या शाळा काय बेततात हा प्रश्नच नव्हता. माझा मूळ नमुनाच नको तिथे घट्ट होता.

मूळ सैल, बेतलेला घट्ट

रविवारी बसून मी मूळ नमुना नव्याने लिहिला. काय काय बदलले, पाहा.

इयत्ता : १ ते ७. आमच्या शाळेने ती आपल्यापुरती १ ते ४ अशी बेतून घेतली. १ ते ४ मधली प्रत्येक संख्या १ ते ७ मध्ये बसतेच. तेव्हा नियम पाळला गेला.

‘वडिलांचे नाव’ हा डबाच काढला. त्याच्या जागी ‘पालकाचे नाव’ ठेवले. हा डबा कमीत कमी एक हवा आणि जास्तीत जास्त दोन चालतील. प्रत्येक डब्याला एक लहानसे लेबल : नाते. त्यात आई, वडील, आजी, आजोबा आणि इतर पालक, या यादीतलाच एक शब्द लिहायचा. आठवतो ना तो पैलू?

आणि अगदी शेवटी ‘शेरा’ म्हणून एक ऐच्छिक डबा. ज्या शाळेला नको, तिने तो गाळावा.

आता बघा गंमत. ज्याला आई-वडील दोघांची नावे लिहायची आहेत, त्याने दोन डबे भरावेत. ज्याला एकच लिहायचे आहे, त्याने एक भरावा. एखाद्या शाळेला दोन्ही नावे हवीतच, असे वाटले तर ती मर्यादा घालून ‘कमीत कमी दोन’ असे बेतू शकते. संगणक तिला अडवणार नाही. पण मी म्हणेन, असे घट्ट करण्याआधी त्या शाळेने आपल्या हजेरीपटावरची सगळी नावे एकदा नजरेखालून घालावीत. मी घातली नव्हती!

हा बदल फुकट मात्र झाला नाही, हेही सांगायला हवे. मूळ नमुना बदलला, म्हणून त्याच्यावरून बेतलेले सगळे नमुने बदलावे लागले. कार्ड छापणारा प्रोग्रॅमही बदलावा लागला. पाच शाळांना मी फोन करून माफी मागितली. ज्यांच्या याद्या तयार होत्या, त्यांना पुन्हा बसावे लागले. म्हणूनच सांगते, मूळ नमुना लिहिताना जास्त वेळ लागला तरी चालेल. आजी म्हणायची तसे, घाईने बेतलेले कापड पुन्हा जोडता येत नाही.

तुम्हांला वाटेल, एवढे कुठे अडते? तर एक खरी गोष्ट सांगते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम सरकारी कागदपत्रांत लिहायचा. आता विचार करा. ज्याच्या जुन्या नमुन्यात ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ असे पक्के लिहिले असेल, त्याला आईचे नाव मधे घालायचे आहे. वाढ करायला जावे, तर डबा शेवटी लागतो! म्हणजे त्यालाही मूळ नमुन्यालाच हात घालावा लागेल. ही बाळे २०३० च्या सुमाराला पहिलीत येतील. आमच्या फिरत्या पेटीचा नमुना मात्र त्यांच्यासाठी आत्ताच तयार आहे. पहिला पालक आई, दुसरा वडील, मग आडनाव. क्रम बरोबर बसतो.

ज्यांना पुढे जाऊन मोठे मोठे नमुने लिहायचे आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक गुपित. आपल्या प्रकारात कुणी ढवळाढवळ करू नये असे वाटले, तर स्कीमात त्याला कुलूपही लावता येते. ‘यात वाढ नको’ किंवा ‘यावर मर्यादा नको’ किंवा दोन्ही नको. कुलूप लावावे, पण विचार करून. रक्तगटांची यादी घ्या. आठ नेहमीचे रक्तगट लिहिले आणि कुलूप लावले. मग एखादा दुर्मीळ रक्तगटाचा माणूस आला, तर? ‘बॉम्बे रक्तगट’ नावाचा असा एक रक्तगट खरोखरच आहे, आणि तो १९५२ साली आपल्या मुंबईतच सापडला!

सोमवारी त्या मुलीला मी पुन्हा खुर्चीवर बसवले. तिने नाव लिहिले. पालकाच्या डब्यात आईचे नाव लिहिले. नात्याच्या यादीतून ‘आई’ निवडले. आडनाव, इयत्ता, पिनकोड. ‘तपासा’ म्हटले.

हिरवी खूण!

टाळ्या वाजल्या की नाही, ते मला आठवत नाही. मी पडद्याकडेच बघत होते. ती मात्र उठून थेट पेटीकडे गेली आणि सगळ्यांत जाडजूड पुस्तक उचलून घेऊन आली. “बाई, हे पंधरा दिवसांत नाही होणार. पुन्हा नेलं तर चालेल?”

“चालेल,” मी म्हटले. तो नियम मी अजून लिहिलाच नव्हता. आता लिहिताना सैलच लिहीन.

घरचा अभ्यास

१. मूळ प्रकार ‘गुण’ : ० ते १००. त्यावरून तिघांनी आपापले प्रकार बेतले. पहिल्याने ३५ ते १००, दुसऱ्याने ० ते ५०, तिसऱ्याने ० ते १२०. संगणक कुणाचा नमुना नापास करील आणि का?

२. सहलीच्या नमुन्यात चार डबे आहेत : नाव (सक्तीचे), इयत्ता (सक्तीची), पालकांचा फोन (सक्तीचा), औषधे चालू असल्यास त्यांची नावे (ऐच्छिक). मर्यादा घालून यांतला कोणता डबा गाळता येईल? आणि गाळता येतो म्हणून तो गाळावा का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत, चार ओळींत लिहा.

३. घरी आलेला कोणताही छापील फॉर्म घ्या. आजी, काका, शेजारच्या ताई, अशा ओळखीच्या कुणालाही भरता येणार नाही असा एखादा सक्तीचा रकाना त्यात सापडतो का, पाहा. सापडला, तर तो कसा बदलाल?

उत्तरे पुढच्या अंकात. पण त्याआधी स्वतः डोके खाजवायचे हं!

पालकांसाठी दोन शब्द

एक्सएमएल शिकायला महागडे काही लागत नाही. साधा मजकूर लिहिण्याचा कोणताही प्रोग्रॅम पुरतो. २००७ पासून मायक्रोसॉफ्ट वर्ड ज्या डॉक्स प्रकारच्या फायली तयार करतो, त्या आतून एक्सएमएलच असतात, गाठोड्यासारख्या एकत्र बांधलेल्या. अशा एखाद्या फायलीची नक्कल करून तिच्या नावाचे शेपूट बदलून झिप करा आणि मुलांबरोबर ती उघडून पाहा. आतल्या चिठ्ठ्या बघून मुलांना मौज वाटेल. आणि मुलगा किंवा मुलगी एखादा रकाना कोरा ठेवून बसली, तर रागावण्याआधी विचारा, “काय अडलं?” कधी कधी चूक रकान्याची असते. मी अनुभवाने सांगते.

बरं तर, भेटू पुढच्या आठवड्यात!

– तुमच्या बाई